जरा सरकून घ्या!

घरात लग्नकार्य निघाले की पहिला वाद होतो तो पानांचा. मुलीचे वडील म्हणतात, "तीनशे पाने पुरेत." आत्याबाई म्हणतात, "तीनशेनं काय होतंय? गावाकडचीच दीडशे होतील." मामा चारशेवर अडून बसतात. मग कुणी जुनेजाणते हळूच विचारते, "थोरलीच्या लग्नात किती पाने उठली होती?" आणि त्या आकड्यावर कार्यालय ठरते. अंदाज चुकला तरी नुकसान एका दिवसाचे असते. उरलेली जिलेबी शेजारीपाजारी जाते, कमी पडली तर यजमान थोडे ओशाळतात.

नवे फुटबॉल स्टेडियम बांधणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. किती माणसे येतील? तिथेही कुणी उत्साही आत्याबाई असतात, कुणी हात आखडता घेणारे वडील असतात. फक्त तिथे चुकलेला आकडा पुढची पंचवीस-पन्नास वर्षे सिमेंट-काँक्रीटमध्ये सगळ्या गावासमोर उभा राहतो.

इटलीतल्या तुरिन शहराने अशी एक चूक सोसली आणि मग निस्तरली. १९९० ची विश्वचषक स्पर्धा इटलीत होणार होती. तिच्यासाठी तुरिनने 'देल्ले आल्पी' नावाचे भव्य स्टेडियम उभारले. नावातच आल्प्सचे डोंगर! आसने सुमारे ६९ हजार. पुढेमागे धावण्याच्या शर्यतीही भरवता येतील म्हणून मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धावपट्टी घातली. विश्वचषकाचे पाहुणे आले आणि गेले. मागे राहिली ती शहरातली युव्हेंटस आणि तोरिनो ही दोन घरे.

युव्हेंटस म्हणजे इटलीतला सर्वाधिक पाठीराखे असलेला संघ. अशा संघाला ६९ हजार जागा कमीच पडायला हव्या होत्या. पण हे पाठीराखे साऱ्या देशभर विखुरलेले, थेट दक्षिणेच्या टोकापर्यंत. त्यांचे प्रेम कितीही असले तरी दर पंधरवड्याला ते तुरिनला येऊ शकत नव्हते. खुद्द शहरातल्या लोकांची मने दोन संघांत वाटलेली. आणि जे येत, त्यांना धावपट्टीच्या पलीकडून, थंडी-धुक्यात, खेळाडू ठिपक्यांएवढे दिसत. त्यापेक्षा घरी टीव्ही बरा! शेवटच्या काही हंगामांत हे स्टेडियम निम्मेही भरत नसे. २००१-०२ च्या हंगामात देशांतर्गत चषकाच्या एका सामन्याला, सांपदोरियाविरुद्ध, आले ते अवघे २३७ प्रेक्षक. ६९ हजारांच्या घरात २३७ माणसे! त्याआधी १९९५ मध्ये तर युएफा चषकाच्या अंतिम फेरीतला आपला 'घरचा' सामना युव्हेंटसने मिलानला नेऊन खेळला होता.

पुढे २००६ मध्ये क्लबने देल्ले आल्पी सोडले आणि शहरातल्याच जुन्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये बिऱ्हाड हलवले. तिथे जागा जेमतेम २७-२८ हजार. आता उलटी ओढाताण सुरू झाली. म्हणजे एकाच कुटुंबाने आधी रिकाम्या वाड्यात दिवस काढले आणि मग दोन खोल्यांत. नवे घर बांधताना हे दोन्ही अनुभव गाठीला होते. देल्ले आल्पी पाडून त्याच जागेवर नवे स्टेडियम उभे राहिले. जुन्यातले पोलाद आणि काँक्रीटही जमेल तितके नव्यात वापरले गेले. आसने ठरली सुमारे ४१ हजार. धावपट्टी गेली. पहिली रांग मैदानापासून साडेसात मीटरवर आली, म्हणजे एखाद्या मोठ्या दिवाणखान्याच्या लांबीइतक्या अंतरावर.

८ सप्टेंबर २०११ ला उद्घाटनाचा सामना झाला तो इंग्लंडच्या नॉट्स काउंटी या लहानशा क्लबशी. युव्हेंटसचे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे शर्ट १९०३ मध्ये नॉट्स काउंटीचा गणवेश पाहून आले होते. त्याआधी या संघाचा रंग गुलाबी होता. त्या जुन्या ऋणाची आठवण म्हणून हे आमंत्रण. सामना १-१ असा सुटला. घर लहान करूनही ते पाहुण्यांना विसरले नाहीत, हे छानच झाले.

त्याच हंगामात युव्हेंटसने एकही सामना न हरता साखळी जिंकली आणि ते धरून ओळीने नऊ वर्षे विजेतेपद राखले. हे सारे स्टेडियममुळे झाले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. खेळाडू आणि प्रशिक्षक काही गोट्या खेळत नव्हते! पण भरलेल्या घरात खेळणे आणि ओसाड वाड्यात खेळणे यांत फरक असतो, हे गावच्या जत्रेत नाटक करणारा नटही सांगेल. लहान होण्याची किंमतही तुरिनने मोजली. २०१४ मध्ये त्याला युरोपा लीगचा अंतिम सामना मिळाला. पण पुरुषांच्या चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना या नव्या स्टेडियमच्या वाट्याला आजवर आलेला नाही. तिथे याहून मोठे घर लागते.

आता आपल्याकडे वळू. मोठ्या आकड्याचे वेड आपल्याला कमी नाही, आणि कोलकात्याला तर ते शोभूनही दिसते. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांची लढत म्हणजे तिथे घराघरातला सोहळा. ईस्ट बंगाल जिंकले की बाजारात हिलसा मासा महागणार, मोहन बागान जिंकले की कोळंबी, अशी तिथली रीत. मैदानावरच्या क्लबांच्या लहान लाकडी गॅलऱ्यांत ही गर्दी कधीच मावणारी नव्हती. म्हणून मोठे सामने ईडन गार्डन्सवर, क्रिकेटच्या घरी होत. १६ ऑगस्ट १९८० ला तिथे याच दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांत मारामारी जुंपली, चेंगराचेंगरी झाली आणि सोळा जण घरी परतले नाहीत. कोलकात्यात आजही १६ ऑगस्टला त्यांच्या आठवणीने रक्तदान होते.

जानेवारी १९८४ मध्ये शहराच्या पूर्वेला सॉल्ट लेकचे युवभारती क्रीडांगण खुले झाले. तीन मजली, आसनक्षमता १ लाख २० हजार. जगातल्या सर्वांत मोठ्या फुटबॉल स्टेडियमांत त्याची गणना होऊ लागली. हा आकडा रोजच्या सामन्यांचा हिशेब करून काढलेला नव्हता, तो त्या एका सामन्याचा होता.

आणि तो एक सामना आलाच. १३ जुलै १९९७, फेडरेशन चषकाचा उपांत्य सामना. एका बाजूला अमल दत्तांचे मोहन बागान, दुसऱ्या बाजूला पी. के. बॅनर्जींचे ईस्ट बंगाल. दत्तांच्या 'डायमंड' व्यूहरचनेची चर्चा गल्लोगल्ली चाललेली. त्या दिवशी प्रेक्षक मोजले गेले १,३१,७८१. बायचुंग भुतियाने तीन गोल केले आणि ईस्ट बंगाल ४-१ ने जिंकले.

१ लाख २० हजारांच्या जागेत १ लाख ३१ हजार माणसे कशी बसली? मुंबईच्या लोकलने रोज प्रवास करणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. तिघांच्या बाकावर चौथा येतो, "जरा सरकून घ्या" म्हणतो आणि तिघेही मुकाट्याने सरकतात. 'चौथी सीट' हा कोणत्याही वेळापत्रकात न छापलेला पण सर्वमान्य नियम आहे. पायऱ्यांच्या स्टेडियमचेही तसेच. दगडी पायरीवर माणसे दाटीवाटीने बसतात, पाय आखडतात, पोराला मांडीवर घेतात. तिथली क्षमता कागदावर एक असते आणि प्रत्यक्षात वेगळी.

खुर्ची मात्र सरकत नाही. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात आली. तिच्यासाठी सॉल्ट लेकचे रूप पालटले, सगळीकडे एकएकट्या बादलीखुर्च्या बसल्या आणि क्षमता ६८ हजारांच्या आसपास आली. जुन्या आकड्याच्या निम्म्याहून थोडी अधिक. जुन्या पाठीराख्यांना हे ऐकून वाईट वाटले असणार. पण त्या स्पर्धेत एक गंमत झाली. ब्राझील आणि इंग्लंड यांचा उपांत्य सामना गुवाहाटीला व्हायचा होता. पावसाने तिथले मैदान खराब झाले आणि दोन दिवस आधी सामना कोलकात्याला हलवला गेला. इतक्या ऐनवेळी आलेल्या पाहुण्यासाठीही ६३,८८१ माणसे जमली. मग २८ ऑक्टोबरच्या अंतिम सामन्याला, इंग्लंडने स्पेनला ५-२ ने हरवले तेव्हा, ६६,६८४. म्हणजे घर जवळजवळ काठोकाठ भरले होते. सॉल्ट लेकच्या बाबतीत निम्मे होणे हा तोटा नव्हता, असे या दोन आकड्यांवरून तरी वाटते.

सरकून घेण्यात आपुलकी असते, पण मृत्यूही असतो, आणि ते मान्य करायला जगाला फार वेळ लागला. १५ एप्रिल १९८९ ला इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये उभ्याने सामना पाहायच्या, कुंपणाने बंद केलेल्या कप्प्यांत माणसे चिरडली गेली. त्या दुर्घटनेत एकूण ९७ जण दगावले; शेवटचा २०२१ मध्ये, बत्तीस वर्षे जखमा वागवून. चौकशीनंतर तिथल्या वरच्या श्रेणीच्या स्टेडियमांत सगळ्यांना बसायला आसन देणे सक्तीचे झाले. ब्राझीलच्या माराकानाची तऱ्हा तीच. १९५० च्या विश्वचषकात उरुग्वेने यजमानांना २-१ ने हरवले तेव्हा तिकीट काढून आलेले प्रेक्षकच १,७३,८५० होते. १९९२ मध्ये त्याच स्टेडियमच्या वरच्या मजल्याचा कठडा तुटला आणि तीन जण मेले. आता तिथे ७८ हजारांच्या आसपास जागा आहेत.

मात्र माराकानाच्या या आवरासावरीत एक गोष्ट हरवली. मैदानाच्या अगदी कडेला, तळाशी, 'जेराल' नावाचा भाग होता. तिथे उभे राहावे लागे, दिसायचेही नीट नाही. खेळाडूंचे पाय आणि चेंडू, बस्स. पण तिकीट मजुराच्या खिशाला परवडणारे. २००५ मध्ये हा भाग बंद झाला. सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच झाले. पण तिथे उभा राहणारा माणूस वरच्या खुर्चीवर जाऊन बसला नाही, तो घरी बसला. स्टेडियमची क्षमता कमी करताना कोणाला वगळले जाते, हे नकाशावर कुठेच लिहिलेले नसते. आसने घटवणाऱ्यांनी निदान काही रांगा तरी जुन्या दरात राखून ठेवायला हव्यात. नाहीतर सुरक्षेच्या नावाखाली फक्त श्रीमंतांची सोय होते.

आकडा ठरवताना तज्ज्ञ मंडळी काय बघतात? प्रथम नजर. कोपऱ्यातल्या शेवटच्या रांगेपासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर १९० मीटरपेक्षा जास्त नसावे, शक्यतो १५० च्या आत असावे, असा दंडक आहे. त्यापलीकडून चेंडू दिसत नाही, फक्त ओरडा ऐकू येतो. जागा वाढवायच्या तर वर चढावे लागते, आणि जितके वर जावे तितका चढ उभा, खांब जाड आणि प्रत्येक खुर्ची महाग. तळमजल्यावरची पहिली वीस हजार आसने आणि माळ्यावरची शेवटची वीस हजार यांचा खर्च एक नसतो. सर्वांत महागड्या खुर्च्यांवर सर्वांत स्वस्त तिकिटाचे लोक बसतात, हा या धंद्यातला उलटा न्याय.

मग बाहेर पडण्याचा हिशेब. ब्रिटनच्या सुरक्षा-मार्गदर्शिकेप्रमाणे सामना संपल्यावर प्रेक्षकांना बाहेरच्या वाटांतून जायला आठ मिनिटांहून जास्त वेळ लागू नये. पायऱ्यांवरून दर मीटर रुंदीमागे मिनिटाला ६६ माणसे जातात असे तिथे धरतात. गृहिणीच्या वहीतल्यासारखे सोपे गणित आहे: ४० हजार माणसांसाठी सुमारे ७६ मीटर रुंदीच्या वाटा हव्यात, लाखासाठी १९० मीटर. म्हणजे आसने वाढवली की नुसत्या खुर्च्या वाढत नाहीत. जिने, फाटके, रस्ते, बसगाड्या, पाण्याचे नळ सगळे वाढते. आणि स्वच्छतागृहे! जगभरची स्टेडियमे पुरुषांच्या गर्दीचा अंदाज घेऊन बांधली गेली. बायका सामन्याला येत नाहीत म्हणून त्यांच्यासाठी सोय नाही, आणि सोय नाही म्हणून बायका येत नाहीत. क्षमतेच्या आकड्यात हा अर्धा भाग धरला होता की नाही, हे कुणीतरी नकाशा मंजूर करण्याआधी विचारायला हवे.

पाहुण्यांसाठी घर वाढवण्याचा मोह मात्र सुटत नाही. विश्वचषकाच्या उद्घाटनाला आणि अंतिम सामन्याला ८० हजार, उपांत्य सामन्यांना ६० हजार आणि बाकीच्यांना ४० हजार आसने लागतात, असा फिफाचा आग्रह. ब्राझीलने २०१४ च्या स्पर्धेसाठी राजधानी ब्राझीलियात सुमारे ७० हजारांचे स्टेडियम बांधले. बारांतले ते सर्वांत खर्चिक, आणि त्या शहरात पहिल्या श्रेणीचा एकही संघ नाही. स्पर्धा आटोपल्यावर त्याच्या आवारात शहराच्या बसगाड्या उभ्या राहू लागल्या. २०२२ च्या स्पर्धेसाठी कतारने थोडी हुशारी दाखवली. त्यांनी ९७४ मालवाहू कंटेनर वापरून ४४ हजारांचे असे स्टेडियम रचले, की जे स्पर्धेनंतर सोडवून ठेवता येईल. मांडवच म्हणायचा तो.

लहान बांधण्यातही फसगत होऊ शकते, हेही सांगायला हवे. लंडनच्या पश्चिमेचा ब्रेंटफर्ड हा छोटा क्लब. त्याच्या जुन्या मैदानाच्या चारी कोपऱ्यांवर एकेक मद्यगृह होते, ही त्याची ख्याती. २०२० मध्ये त्याने नवे स्टेडियम घेतले, १७,२५० आसनांचे. दुसऱ्या श्रेणीतल्या संघाला ते पुष्कळ होते. पण २०२१ मध्ये हा क्लब ७४ वर्षांनी पहिल्या श्रेणीत चढला आणि पहिल्याच सामन्यात त्याने आर्सेनलला २-० ने हरवले. आता आर्सेनल, लिव्हरपूलसारखे पाहुणे येणार म्हटल्यावर १७ हजार म्हणजे काय? तरीही ब्रेंटफर्डच्या मंडळींना कुणी मूर्ख म्हणणार नाही. बाहेर उभ्या असलेल्या पाठीराख्याचे दुःख खरे आहे. पण तो उद्याही येतो. रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून परत फिरलेला माणूस पुन्हा येत नाही.

मुंबईत याचा दाखला मिळाला. इंडियन सुपर लीगच्या २०१४ आणि २०१५ च्या हंगामांत मुंबई सिटीचे सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये झाले. मुळात क्रिकेटचे ते भव्य घर, ५५ हजारांच्या आसपास जागा. २०१६ मध्ये संघ अंधेरीच्या क्रीडासंकुलात आला, जिथे दहा हजारही आसने नाहीत. कागदावर ही घसरण. पण अंधेरीत शेवटच्या रांगेतल्या पोरालाही प्रशिक्षकाची ओरड ऐकू येते.

याच अंधेरीच्या मैदानावर जून २०१८ मध्ये चार देशांची स्पर्धा भरली. १ जूनला, शुक्रवारी, भारताने चिनी तैपेईला ५-० ने हरवले, कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि ते पाहायला होते २,५६९ प्रेक्षक. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक छोटी चित्रफीत काढून लोकांना हात जोडले. टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या, असे त्याचे म्हणणे. ४ जूनला, सोमवारी, केनियाविरुद्धचा सामना छेत्रीचा शंभरावा. पाऊस कोसळत होता आणि तिकिटे संपली होती. भारत ३-० ने जिंकला, त्यांतले दोन गोल छेत्रीचे. तीच माणसे, तेच मैदान, मध्ये फक्त शनिवार-रविवार. आणि तेवढेच प्रेक्षक नेरूळच्या ५५ हजारांत बसवले असते, तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी 'स्टेडियम रिकामे' असेच छापले असते.

मुंबईत उद्या कुणी फुटबॉलसाठी नवे स्टेडियम बांधायला घेतले, तर शुक्रवारचा आकडा आणि सोमवारचा आकडा, दोन्ही त्याला टेबलावर शेजारी शेजारी ठेवावे लागतील. आत्याबाई अर्थातच सोमवारचा उचलतील.